गादीखालची पट्टी

बाबांना जाऊन तेवीस दिवस झाले होते, आणि मुलीला अजून एकच गोष्ट हवी होती. त्या दुपारी आपल्याला वेळेवर कळलं असतं तर ते वाचले असते का, एवढंच. बाकी सगळं लोकांनी तिला सांगून झालं होतं. डॉक्टर म्हणाले, हृदय इतकं थकलं होतं की हे आज ना उद्या व्हायचंच. शेजारीण म्हणाली, झोपेतल्या झोपेत गेले, असं मरण मागून मिळत नाही. आई म्हणाली, "मी शेजारीच पडले होते गं. माझाही डोळा लागला. उठून बघते तर अंग गार." तिघांचंही तिने मान हलवत ऐकून घेतलं. पण तिची सगळी नोकरी मोजण्यात गेलेली. कुणी नुसतं सांगून तिचं समाधान व्हायचं नाही. आणि इथे तर मोजलेलं होतं. त्या दुपारची सेकंदासेकंदाची नोंद तिच्याच ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पडून होती. तेवीस दिवसांत तिने ती उघडली नव्हती.

ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानावरचा तिसरा मजला. तिथे एकच काम चालायचं: माणसाच्या हृदयाचे ठोके वेगवेगळ्या साधनांनी मोजायचे आणि कुठलं साधन कधी फसतं ते हुडकून काढायचं. छातीला बांधायचा पट्टा हृदयातली वीज पकडतो, तो सहसा चुकत नाही. मनगटावरचं घड्याळ कातडीखाली हिरवा उजेड टाकतं आणि रक्त किती आलं, किती गेलं, ते बघतं; हात हलला की गोंधळतं. छताला लावायचा रडार छातीची थरथर टिपतो, पण पंखा फिरत असला तर त्यालाच माणूस समजून बसतो. आणि गादीखालची पट्टी. हृदय रक्त फेकतं तेव्हा सगळं शरीर केसभर मागे ढकललं जातं, आपल्याला कळतही नाही इतकं. गादीतून झिरपत आलेला तो धक्का ही पट्टी पकडते. अंगाला काही चिकटवायला नको, बांधायला नको. माणसाने नुसतं आडवं व्हायचं.

तिच्या शेजारच्या टेबलावर एक पन्नाशीचा गृहस्थ बसायचा. खरा ठोका कुठला ते ठरवण्यासाठी कुणी तरी दिवसभर छातीचा पट्टा घालून बसावं लागे, आणि ते काम गेली सहा वर्षं त्याच्याकडे होतं. म्हणून सगळे त्याला पट्टेवाला म्हणत. त्यालाही त्याचं काही वाटत नसे. "मालकापेक्षा माझ्या छातीवर कंपनी जास्त चालते," असं तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचा.

बाबा पहिल्यांदा पडले ते आठ महिन्यांपूर्वी, न्हाव्याच्या खुर्चीतून उठताना. अँब्युलन्स अकरा मिनिटांत आली. त्या लोकांनी दुकानाच्या फरशीवरच, केसांच्या पुंजक्यांत, त्यांची छाती दाबदाबून हृदय परत चालू केलं. त्यात दोन बरगड्या मोडल्या. मग सतरा दिवस हॉस्पिटल, नाकात नळी, हात कॉटला बांधलेले, कारण ते नळी ओढून काढायचे. घरी आले तेव्हा निम्मे झाले होते. नोकरीभर त्यांनी बाजारातले वजनकाटे तपासले होते. काटा बरोबर असला तर त्यावर शिक्का मारायचा, नसला तर जप्त करायचा. आरशासमोर उभं राहून, शर्टाची बटणं लावता लावता दम लागला की ते म्हणायचे, "दुरुस्ती झाली बुवा, पण शिक्का काही मिळाला नाही."

मुलीने त्यांच्या मनगटावर घड्याळ बांधलं. आकडा तिच्या मोबाईलवर दिसे, आणि जरा वर गेला की ती ऑफिसातून फोन करी.

"बाबा, काय करताय?"

"बसलोय."

"मग शंभरच्या वर कसे गेले?"

"तुझा फोन वाजला ना. धावत आलो घ्यायला."

असे दिवसाला सात-आठ फोन. आई म्हणायची, अगं, जरा दमाने घे, त्यांना साधं शिंकायची सोय राहिली नाही. मुलगी दमाने घ्यायची नाही.

मग एकदम सगळं सुधारलं. नऊ दिवस आकडा बहात्तर ते ऐंशीच्या आत, सरळ रेघ. तिला इतका आनंद झाला की तिने तो आलेख मोठा करून पट्टेवाल्याला दाखवला. त्याने चष्मा कपाळावर चढवून ठोक्यांखालची हाताच्या हालचालीची नोंदही नीट पाहिली आणि विचारलं, "तुझे वडील दिवसातून तीनदा भांडी घासतात का?"

"म्हणजे?"

"हे बघ. सकाळी अर्धा तास, दुपारी जेवणानंतर, परत चार वाजता थोडं. हात गोल फिरतोय. असली हालचाल मी रोज घरी करतो, मला ओळखता येते."

त्या दिवशी ती दुपारीच घरी गेली. किल्लीचा आवाज न करता दार उघडलं. आई मोरीपाशी भांडी घासत होती आणि तिच्या मनगटावर, कोपरापर्यंत साबण, ते घड्याळ होतं. बाबा आतल्या खोलीत खुर्चीत बसून पेपर वाचत होते. संध्याकाळी मुलगी यायच्या वेळेला घड्याळ परत त्यांच्या हातावर जात असे, एवढाच काय तो व्यवहार.

"लाज नाही वाटत?" मुलगी म्हणाली. "दोघं मिळून मला बनवताय?"

"बत्तीस वर्षं दुकानदारांच्या काट्याखालची लोहचुंबकं पकडली मी," बाबा पेपर खाली न करता म्हणाले. "एकदा मलाही लावून बघायचं होतं."

"तुझा फोन आला की यांचे ठोके वाढतात," आई हात पुसत म्हणाली. "माझे नाही वाढत. म्हटलं, घालू या मीच. तुझंही मन थाऱ्यावर राहतं."

बाबा हसायला लागले, हसताना खोकला आला, खोकताना ओठ निळे पडले, आणि मग कुणीच हसलं नाही.

घड्याळ फसतं म्हणून तिने गादीखालची पट्टी आणली. ऑफिसात तपासून झालेली, शेजारीशेजारी चार पदरांची, चांगली लांबरुंद. पलंग दोघांचा, पण गाद्या दोन वेगळ्या. बाबांच्या गादीखाली तिने ती अंथरली आणि पट्टीला जोडलेली डबी उशाच्या स्टुलावर ठेवली. डबीला एक दिवा. सगळं नीट असलं की हिरवा. ठोके एकशे तीसच्या वर किंवा चाळीसच्या खाली गेले की पिवळा. पिवळा सलग पाच मिनिटं राहिला की मुलीच्या मोबाईलवर घंटा वाजणार आणि ती अँब्युलन्स बोलावणार.

"पाच मिनिटं कशाला?" आईने विचारलं.

"खोकला आला, कूस बदलली, तरी दिवा पिवळा होतो. प्रत्येक वेळी अँब्युलन्स बोलावली तर ते लोक आपल्याला ओळखायला लागतील. आणि आई, एक लक्षात ठेव. दुपारी तू यांच्या गादीवर पडत जाऊ नकोस. पट्टीला माणूस कळत नाही, जो ठोका जोरात असेल तो ती धरते. तुझं हृदय धडधाकट आहे. तू तिथे पडलीस तर ती तुलाच मोजत बसेल आणि यांचं काय चाललंय ते कळणार नाही."

"एवढंच राहिलं होतं," आई म्हणाली. एकेचाळीस वर्षांनंतर ती दुपारची बाहेरच्या खोलीत सोफ्यावर पाय दुमडून झोपायला लागली.

पट्टी बसवल्यावर मुलीचे फोन कमी झाले. ऑफिसात ती कामातून मान वर करून आकडा बघायची, आणि तो बरा असला की पुन्हा मान खाली. त्या दिवशीही तिने तसंच केलं. दोन वाजून छत्तीस मिनिटांनी तिने मोबाईल पाहिला. ब्याऐंशी. जेवून झोपले असतील, असं तिला वाटलं. पुन्हा साडेतीनला पाहिला, शहात्तर. पावणेपाचला आईचा फोन आला.

मी शेजारीच पडले होते, असं आई म्हणाली तेव्हाच मुलीला कळलं होतं की ते ब्याऐंशी ठोके कुणाचे. ती आईला काही बोलली नाही. इतक्या वर्षांची सवय, विसरली असेल, पाठ टेकली असेल. आईला आपण काय सांगितलं होतं त्याची आठवणसुद्धा तिने करून दिली नाही. मनात मात्र हिशेब एकच चालायचा. त्या ब्याऐंशीच्या आड बाबांचा आकडा होता का? होता तर किती वेळ?

चोविसाव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी ऑफिसात तिने नोंद उघडायला घेतली. पट्टेवाल्याने पडद्यावरची तारीख पाहिली आणि खुर्ची तिच्याकडे वळवली.

"नको उघडू."

"का?"

"का काय? त्यातून ते परत येणार आहेत का?"

"मला फक्त बघायचंय."

"माझी बहीण गेली तेव्हा तिच्या घड्याळात सगळं होतं. मी घड्याळ तिच्या नवऱ्याला देऊन टाकलं. म्हटलं, तुझं तू बघ. त्यानेही नाही बघितलं." त्याने तिची खुर्ची पुढे ओढली. "बरं. उघडणारच असशील तर बसून बघ. उभ्याने नको."

ती बसली.

दोन माणसांचे ठोके एकमेकांपासून सोडवणं हे तिचंच काम. दोन वर्षं तिने त्यावरच घालवली होती. पट्टीचे चार पदर. ज्या बाजूला माणूस, त्या बाजूच्या पदरात त्याचा ठोका ठसठशीत येतो, लांबच्या पदरात पुसट. जोडप्यांना ऑफिसातल्या पलंगावर झोपवून, दोघांनाही छातीचे पट्टे बांधून तिने ते पुनःपुन्हा पडताळलं होतं. दुपारी एकपर्यंत तिने पडद्यावर दोन रेघा वेगळ्या केल्या.

त्या दिवशी एक वाजून पन्नास मिनिटांनी बाबा आडवे झाले होते. दोन अकराला ठोके शहाण्णव. मग एकदम वर, एकशे अठ्ठेचाळीस, वेडेवाकडे. दोन वाजून चौदा मिनिटांनी दिवा पिवळा झालेला. म्हणजे दोन एकोणीसला तिच्या मोबाईलवर घंटा वाजायला हवी होती. आणि दोन अठराला, पिवळा दिवा चार मिनिटं जळून झाल्यावर, चारही पदरांत एक मोठा हेलकावा होता. कुणी तरी त्यांच्या गादीवर चढलं होतं.

तिने ते परत पाहिलं. तिसऱ्यांदा पाहिलं. आई आधीपासून शेजारी नव्हती. आई झोपेत लवंडली नव्हती. दिवा पिवळा झाल्यावर, घंटा व्हायला एक मिनिट उरलेलं असताना आई गादीवर आली होती. आली तेव्हा तिचे ठोके एकशे बारा होते. एकशे तीसच्या आत. दिवा हिरवा झाला. मग एकशे चार, शहाण्णव, नव्वद. कुणी मुद्दाम श्वास आवरून धरावा तसे ते हळूहळू खाली आले होते.

आणि खालची रेघ. बाबांची. ती थांबलेली नव्हती. बारीक, तुटक, मध्येच दोन-दोन सेकंद काहीच नाही, पुन्हा एक ठोका. दोन एकोणीसपासून ती अशीच चालली होती. दोन वाजून पंचेचाळीस मिनिटांनी शेवटचा ठोका.

सव्वीस मिनिटं.

अँब्युलन्स अकरा मिनिटांत येते.

पट्टीत श्वासही येतो. ठोक्यांपेक्षा संथ, मोठी लाट. आईच्या श्वासाची लाट झोपलेल्या माणसाची नव्हती. झोपेत लाट सारखी असते. ही आखूड आत, लांब बाहेर, मध्येच थांबलेली, परत आखूड आत. ऑफिसात चाचणीला आलेली जोडपी पट्टी विसरून गप्पा मारायला लागली की अशीच लाट येते. आई बोलत होती. तीन वाजायला आले तरी बोलत होती.

पट्टेवाल्याने चहाचा कप तिच्यासमोर ठेवला. काय दिसलं ते विचारलं नाही. कपाला सोनेरी कड होती. ती कड बघत ती बराच वेळ बसून राहिली.

शुक्रवार आणि शनिवार ती काही बोलली नाही. बोलायचंच नाही, असं तिने ठरवलं होतं. रविवारी सकाळी आई जेवणाच्या टेबलावर बाबांची औषधं घेऊन बसली होती. न उघडलेल्या स्ट्रिप एका बाजूला, अर्ध्या वापरलेल्या दुसऱ्या बाजूला.

"ह्या अख्ख्या स्ट्रिप दवाखान्यात देऊन टाकू," आई म्हणाली. "कुणाला तरी उपयोगी पडतील. तारीख बघ गं या निळ्याची, मला वाचता येत नाही."

मुलीने तारीख वाचली. स्ट्रिप खाली ठेवली.

"आई, तू झोपली नव्हतीस."

आईने पुढची स्ट्रिप उचलली.

"दिवा पिवळा झाल्यावर तू गादीवर चढलीस. चार मिनिटं झाल्यावर."

"घड्याळ कोण बघत बसलं होतं?"

"पट्टी बघत होती."

"मग तिलाच विचार सगळं." आईने गोळ्या मोजल्यासारख्या केल्या, पण बोटं एकाच गोळीवर अडली होती. "बाहेर होते मी. यांच्या घशातून कसला तरी आवाज आला म्हणून आत गेले. बघते तर दिवा पिवळा. तूच सांगितलं होतंस ना, पाच मिनिटं वाट बघतो म्हणून. मी उभी राहिले. वाटलं, होईल हिरवा. मग वाटलं, आता वाजणार."

"वाजायलाच तर लावला होता तो!"

"ओरडू नकोस."

"फोन का नाही केलास?"

"केला असता तर तू काय केलं असतंस?"

"अँब्युलन्स बोलावली असती."

"आणि त्यांनी काय केलं असतं? सांग ना. छातीवर चढले असते. परत बरगड्या. परत ती नळी, परत हात बांधायचे. हॉस्पिटलातून आल्यावर पहिल्याच रात्री यांनी माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली मला. म्हणाले, पुन्हा कुणाला माझ्या छातीवर हात ठेवू द्यायचा नाही. मी म्हटलं, पोरीला सांगा. तर म्हणाले, तिला नाही जमायचं. ती आकडा बघते."

"मला एकदा विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

टेबलावरच्या प्लास्टिकला एक चीर होती, तिच्यात मुलगी नख घालत राहिली.

"आणि खरं सांगू का," आईचा आवाज खाली आला, "ते सगळं नंतरचं. मी चढले तेव्हा संपलेच होते ते. डोळे अर्धे उघडे, जबडा खाली, कपाळाला हात लावला तर ओलं आणि थंड. हाक मारली, काही नाही. मी नुसता तो तुझा फोन वाजू नये म्हणून पडले. गेलेल्या माणसाला तरी कशाला कुटायचं, म्हटलं. तू कितीही धावत आली असतीस ना, तरी हाती काही लागलं नसतं. तू मनाला लावून घेऊ नकोस बाई. तुझी काही चूक नाही."

हे शेवटचं आई बोलली नसती तर कदाचित मुलगी उठून गेली असती. पण आई तिची समजूत काढत होती. इतके दिवस जे ओझं ती घेऊन हिंडत होती ते आईने एका वाक्यात असं उचलून बाजूला ठेवलं, जणू ते कधी खरं नव्हतंच.

"सव्वीस मिनिटं," मुलगी म्हणाली.

"काय सव्वीस?"

"घंटा वाजायची वेळ झाली त्यानंतरही सव्वीस मिनिटं चालू होतं त्यांचं हृदय. संपलं नव्हतं."

आईने स्ट्रिप खाली ठेवली. तिने लगेच विश्वास ठेवला नाही. "तुझं ते यंत्र पंख्यालाही माणूस म्हणतं, तूच सांगत होतीस."

"ते रडारचं. ही पट्टी आहे. मी नीट बघितलंय, आई. तीनदा."

"बारीक असेल अगदी."

"बारीक होतं. पण होतं. श्वासही होता."

बाहेर कुणी तरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं. इंजिन घरघरायचं आणि बंद पडायचं. आई त्या आवाजाकडे कान देऊन बसल्यासारखी बसली होती. मग म्हणाली, "अशा वेळी ऐकू येतं का गं?"

"कुणाला?"

"ह्यांना. त्या सव्वीस मिनिटांत. कानावर पडत असेल का काही?"

मुलीला ती आखूड आत, लांब बाहेर लाट आठवली. आई शेवटपर्यंत त्यांच्याशी बोलत होती. एवढं तरी आपण हिला देऊ शकतो, असं तिला वाटलं, आणि तीन दिवसांत पहिल्यांदा तिचा राग उतरला. तिने आईच्या हातावर हात ठेवला.

"येतं म्हणतात. सगळ्यात शेवटी कान जातात. डॉक्टरही तसंच सांगतात. तू बोलत होतीस ना? मला दिसलं ते. सगळं ऐकलं असेल त्यांनी."

आईने हात काढून घेतला.

"मी शिव्या देत होते," ती म्हणाली.

"काय?"

"मला वाटलं, गेले. गेलेल्या माणसाला काय ऐकू येणार? म्हणून बोलले." ती टेबलाकडे बघत, न थांबता बोलत गेली. "म्हटलं, झालं मनासारखं? जन्मभर स्वतःचंच खरं केलंत, मरतानाही मलाच कामाला लावलंत. आता पोरीला मी काय तोंड दाखवू? म्हटलं, मला कधी विचारलंत का, तुला काय हवंय म्हणून? बदलीच्या गावी चारदा नेलंत, माझी शाळेतली नोकरी सुटली, विचारलंत? दुसरं मूल नको म्हणालात, विचारलंत? मला कळत होतं सगळं, गप्प बसले, म्हटलं जाऊ दे. आणि मग म्हटलं, सुटले एकदाची तुमच्या हातून. दोनदा म्हटलं. मोठ्याने."

"आई, मी ऐकीव सांगितलं. कुणालाच ठाऊक नसतं. रक्त पोचत नव्हतं डोक्याला, शुद्ध नसणारच—"

"आत्ता तर म्हणालीस डॉक्टर सांगतात म्हणून."

"मला वाटलं तू..."

"काय वाटलं?"

आईने औषधं दोन्ही हातांनी गोळा केली, अख्ख्या आणि अर्ध्या सगळ्या एकत्र, आणि ढकलून टेबलाच्या टोकाला लावली. पदराने टेबल पुसलं.

"आण ते."

"काय?"

"तू बघितलंस ते. मलाही बघायचंय."

"तुला नाही समजायचं त्यातलं."

"मग समजावून सांग. इतके दिवस लोकांना सांगतेसच ना?"

मुलीने लॅपटॉप आणला. आणायला नको होता हे तिला आणतानाच कळत होतं, पण नाही म्हणायचा अधिकार आता तिच्याकडे उरला नव्हता. तिने दोन रेघा पडद्यावर घेतल्या. आईने मान पुढे काढली.

"यातली मी कुठली?"

"वरची. ही मोठी."

"आणि हे?"

मुलीने बोट ठेवलं. आईने तिचं बोट बाजूला सारून स्वतःचं ठेवलं आणि रेघेवरून उजवीकडे नेऊ लागली, फार हळू, जशी ती पूर्वी मुलीला वाचायला शिकवताना ओळीखालून न्यायची. एका ठिकाणी तिचं बोट थांबलं. दोन वाजून तेहेतीस मिनिटांवर रेघ एकदाच उसळली होती आणि पुन्हा खाली बसली होती. मुलीने ते शुक्रवारीच पाहिलं होतं. आणि पुढे गेली होती.

"हे काय झालं?"

"हालले असतील."

"का?"

"माहीत नाही, आई. हात हलला असेल, श्वास अडकला असेल. त्यावरून कारण नाही सांगता येत."

"मी काय बोलले तेव्हा झालं हे?"

"ते यात नसतं. ते तुलाच माहीत."

आईने डोळे मिटले. ओठ हलायला लागले. ती सगळं पहिल्यापासून, एकेक वाक्य करून, मनातल्या मनात पुन्हा म्हणत होती. मध्येच थांबली, मागे गेली, परत सुरुवात केली. मुलगी पडद्यावरच्या त्या एका ठिकाणाकडे बघत थांबली. बाहेरची गाडी एव्हाना चालू होऊन निघून गेली होती.

"आधी नोकरीचं बोलले," आई म्हणाली. "की मुलाचं आधी?" तिने डोळे उघडले आणि मुलीकडे पाहिलं. "नाही गं आठवत."